पहिल्या सफेची चटई

हुरमतमुमानी आमच्या मागच्या दारात उभी राहिली, की ती नुकतीच कुठून तरी पळत आली आहे आणि आता लगेच कुठे तरी पळत जाणार आहे, असे वाटे. प्रत्यक्षात ती तास तास जागची हलत नसे. हलत नसे म्हणजे पाय हलत नसत. हात चालूच असत. डाव्या दंडावर शिंदीच्या पात्यांची अर्धवट विणलेली पट्टी गुंडाळलेली, तिचे शेपूट कमरेपर्यंत लोंबते आहे, आणि दोन्ही हातांची बोटे ते शेपूट वाढवीत आहेत. ती बोलताना विणी, भांडताना विणी, हसताना तर फारच भराभर विणी. डोळे मात्र समोरच्याच्या तोंडावर. हातातल्या कामाकडे तिने पाहिलेले मला आठवत नाही.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन नुकतीच पुण्याहून बारामतीला आले होते. अप्पा, म्हणजे माझे वडील, कालव्यावर ओव्हरसियर होते. माझे सगळे शिक्षण पुण्यात मिशनच्या इंग्रजी शाळेत, बोर्डिंगात राहून झालेले. बारामतीत मला ओळखणारे कोणी नव्हते आणि मीही ओळखी काढण्यातली नव्हते. बायका आईकडे बसायला आल्या, की मी पुस्तक घेऊन मागच्या पडवीत जाई. मुमानी नेमकी मागच्या दाराने येई, म्हणून मी तिला सापडले.

"काय गं, तुला बोलाया येत न्हाय, का बोलायचं न्हाय?" हे तिचे मला उद्देशून पहिले वाक्य.

मी म्हटले, "तुम्ही सांगा, मी ऐकते."

ती खो खो हसली. बोटे भराभर चालू लागली. "बाई गं! आजपातुर समदी म्हनत्यात, मुमानी, आता गप बस. ऐकनारं आज गावलं! आनि तुमी नगं म्हनूस. मुमानी म्हंजी मामी. मामीला कोन तुमी म्हनतं?"

ती कोणाचीच मामी नव्हती. मूलबाळ नव्हते, नवरा पिंजारी होता तो वारला होता. कोण्या भाच्याने कधी तरी मुमानी म्हटले आणि गल्लीने ते उचलले. चटया, टोपल्या, झाडण्या करून ती एकटी राही. जळोचीच्या वाटेवर ओढ्याकाठी शिंदीची झाडे होती, तिथून पाती काढून आणी, वाळवी, चिरी आणि विकी. तिची खोली आणि पुढचे अंगण एवढे चिमुकले होते, की मोठी चटई विणताना तयार झालेला भाग गुंडाळत गुंडाळत पुढे जावे लागे.

आमच्याकडे तिला चहा मिळे. तो कोणत्या भांड्यात द्यायचा, हा आईपुढचा प्रश्न तिने पहिल्याच दिवशी सोडवून टाकला होता. तिच्या पिशवीत स्वतःचा पितळी पेला असे. आई चहा घेऊन बाहेर आली, की ती तो पुढे धरी. "ह्यात वता वैनी. दुसऱ्या भांड्यात मला च्या ग्वाडच लागत न्हाय." आईचा चेहरा सैल झालेला मला दिसे. मुमानीलाही दिसत असणार. तिने तसे कधी दाखवले नाही.

एका संध्याकाळी ती बसलेली असताना गावातल्या मशिदीत बांग झाली. शाळेत आम्हाला विलायतेतल्या मोठमोठ्या चर्चचे भाग पाठ करायला लावले होते. पाद्री कुठे उभा राहतो, गाणारी मुले कुठे बसतात, सारे मला सांगता आले असते. ही बांग मी लहानपणापासून प्रत्येक सुट्टीत अप्पांच्या बदलीच्या गावी ऐकत आले होते आणि तिच्यातला एक शब्द मला ठाऊक नव्हता.

"मुमानी, तो काय म्हणतो?" मी विचारले.

तिची बोटे थांबली. 

"काय म्हनतो? अगं, या म्हनतो! नमाजाला या, भल्याच्या वाटंला या. आनि पहाटंच्या बांगंत एक वळ जास्ती असती. झोपंपरीस नमाज बरी. दोनदा म्हनत्यात. आमचे ह्ये ती वळ ऐकून कूस बदलायचे. म्या म्हनायची, अवो, ही तुमच्यासाठीच घातलीया!"

हा प्रश्न कोणी तरी विचारावा म्हणून ती वर्षानुवर्षे थांबली असावी, अशा उत्साहाने ती मला शिकवू लागली. नमाजाआधी हातपाय कोणत्या क्रमाने धुवायचे. सलामाला जबाब देताना आपण काय मागतो. मशिदीत चित्र का नसते, मूर्ती का नसते. रोजा म्हणजे नुसते उपाशी राहणे नव्हे, डोळ्यांचा रोजा असतो, कानांचा असतो, जिभेचा असतो. "जिभंचाच मला लई जड जातो बघ, कुमू," ती म्हणे. "भुकंचं काय, भूक मी लहानपनापासनं वळखती."

एकदा तिने मला सफ समजावून सांगितली. सफ म्हणजे नमाजाला उभ्या राहणाऱ्यांची रांग. आईने भाजीसाठी वांगी काढून ठेवली होती. मुमानीने माझ्याकडून त्यांची एक ओळ लावून घेतली. आपण नुसते बोट दाखवी.

"त्यो थोरला मामलेदार. त्येच्या शेजारी बारका ठेव, त्यो आमच्यातला पिंजारी. हां. आता त्यो किडका ठेव, त्यो सावकार. चिकटव की! खांद्याला खांदा पायजे. मधी बोट गेलं न्हाय पायजे. सफेत फट ठिवायची न्हाय. मागनं आलेल्यानं पुढची फट भरायची, मंग त्यो कुनी का असंना."

"आणि मामलेदाराला नको असेल तर?"

"तर मामलेदारानं घरी वांगं खावं!"

तेवढ्यात आई आली आणि मामलेदारासकट सगळी सफ विळीवर घेऊन गेली. मुमानी इतकी हसली, की तिच्या दंडावरची पट्टी सुटून पायात आली.

पण हे सगळे सांगताना ती एका ठिकाणी नेहमी अडे. तिचे माहेर इंदापूरचे. भिंतीला भिंत लागून मशीद. ती लहान असताना तिथे मातीच्या छपराची बसकी मशीद होती आणि वडिलांच्या खांद्यावर बसून ती आत जाई. तिचे लग्न झाल्यावर ती पाडून दगडी खांबांची नवी मशीद उभी राहिली. तिच्या आत मुमानी कधी गेली नव्हती. तिकडे बायका घरीच नमाज पढत. मशिदीत जाण्याची रीत नव्हती.

आणि त्या मशिदीतली पहिल्या सफेची चटई मुमानीची होती.

दर वर्षी रमजानच्या आधी ती एक लांबच लांब चटई विणी आणि मोटारीच्या टपावर टाकून इंदापूरला पाठवी. तिचे थोरले भाऊ करीममियाँ त्या मशिदीचे मुतवल्ली होते, म्हणजे मशिदीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. नवी मशीद झाली तेव्हा त्यांनी निरोप पाठवला होता, पहिल्या सफेला बावीस हात चटई लागेल. तेव्हापासून ती बावीस हात विणत आली होती. इतर कामाचे पैसे घेई. हिचे घेत नसे. हिच्यासाठी पाती कोवळी निवडी, वीण घट्ट घाली.

"पन मी ती बघितल्याली न्हाय गं," ती म्हणे.

"तूच तर विणतेस."

"इनती. पन पसरल्याली कुठं बघितली? माझ्या अंगनात चार हात उलगडती आनि बाकी गुंडाळी. समदीच्या समदी, ह्या भितीपासनं त्या भितीपतुर, लोकं हुबी ऱ्हात्यात तशी आथरल्याली, एकदा तरी बघायची हाय मला. एकदा बगू दे, मंग डोळं मिटलं तरी चालतंय. दर वर्साला भाईजानला म्हनती, दुपारच्याला मशीद मोकळी असती, दारातनं तरी बगू दे. त्यो म्हनतो, न्हाय. बाकी कशाला न्हाय म्हनत न्हाय त्यो मला. ह्येला मातर न्हाय."

हे बोलताना ती विणत असे, पण फार सावकाश.

नाताळच्या सुट्टीत आमच्या शाळेच्या मिस ग्रीन चार दिवस आमच्याकडे राहायला आल्या. त्या चित्रे काढीत, आणि जिथे जातील तिथली जुनी देवळे, घाट, कमानी पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मी त्यांना मुमानीकडून शिकलेले थोडे सांगितले. त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. मला मशीद पाहायचीच आहे, आजच, म्हणाल्या. अप्पांनी कालव्याच्या माणसाबरोबर करीममियाँना निरोप धाडला आणि उत्तर आले, मेमसाहेबांनी अवश्य यावे, दुपारची नमाज झाल्यावर.

रमजान तोंडावर होता. मुमानीची नवी चटई तयार होती. तिला हे कळले तेव्हा ती पळतच आली. खरोखर पळत आली.

"कधी जायाचं?"

"उद्या. पण मुमानी, तुला आत..."

"ते तितं बगू. चटई टपावर, आपन तिघी आत."

सर्व्हिस मोटारीत पुढची जागा ड्रायव्हरने मिसना दिली. मुमानी आणि मी मागे. सारा रस्ता उसाचा आणि गुऱ्हाळांच्या धुराचा. मुमानी खिडकीतून डोके काढून टपाकडे पाही, चटई आहे ना याची खात्री करी आणि आत येऊन ड्रायव्हरला दटावी, "सावकाश, बाबा! वर अल्लाच्या घरचा माल हाय."

"आनि खाली आमी कोनाच्या घरची?" मागून एक म्हातारबाबा म्हणाले.

"तुमी वाटंतली!" मुमानी म्हणाली, आणि सगळी मोटार हसली. मिस मागे वळून विचारू लागल्या, काय झाले? मला ते इंग्रजीत सांगता येईना.

करीममियाँ मशिदीच्या दारात उभे होते. ताडासारखे उंच, पांढरी दाढी, खूप थोडे बोलणारे. मुमानी त्यांच्या कोपराला लागत होती. त्यांनी आम्हाला सलाम केला, पाण्याचा तांब्या पुढे केला, चपला कुठे काढायच्या ते दाखवले. मिस पायरीवर बसून बुटांचे बंद सोडू लागल्या. मुमानीने त्यांच्या टोपीवरूनच आपली एक ओढणी घातली आणि हनुवटीखाली गाठ मारली. मिसना ते फार आवडले. मग मुमानीनेही आपल्या वहाणा काढल्या.

"तू कुठं निघालीस?" करीममियाँ म्हणाले.

"ह्यांच्या संगं."

"तू घरी जा. भाभी वाट बघतीया. बिर्डं केलंय तुझ्यासाठी."

"आनि मेमसाबला कोन समजावनार?"

"मी सांगतो की."

"कुठल्या बोलीत?"

"मराठीत. ह्या पोरीला सांगतो, ही त्यांना सांगंल."

"बगा!" मुमानीने रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा कपाळावर हात मारला. "हिला आपल्यातलं काय म्हाईत? तू म्हनशील मिंबर, ही सांगंल टेबल. तू म्हनशील मेहराब, ही सांगंल कपाट. मेमसाब विलायतंला जाऊन सांगंल, इंदापूरच्या मशिदीत एक टेबल हाय आनि एक कपाट हाय. चालंल तुला?"

मिंबर म्हणजे प्रवचनाचा पायऱ्यांचा चौरंग आणि मेहराब म्हणजे पश्चिमेच्या भिंतीतला कमानीचा कोनाडा, हे मुमानीने मला इतक्यांदा सांगितले होते, की मी झोपेतही सांगू शकले असते. ती माझ्याकडे पाहत होती. पापणी लवत नव्हती.

करीममियाँनी मला विचारले, "खरंच का गं बेटी?"

मी म्हणाले, "मुमानीशिवाय मला नाही जमणार." माझे स्वतःचे असे तेवढे एकच वाक्य मी त्या दिवशी करीममियाँशी बोलले.

मिसना काय चालले आहे ते कळले नव्हते, पण मुमानीला मागे ठेवत आहेत एवढे कळले. त्यांनी सरळ तिचा हात धरला. करीममियाँनी एकदा आत पाहिले, उजव्या कोपऱ्याकडे. मग आभाळाकडे पाहिले. "बांगंच्या आत बाहेर निघायचं," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

आत फरसबंद अंगण, मध्ये हातपाय धुण्याचा हौद, कडेला बसायला दगड. पलीकडे खांबांची ओसरी असावी तसा मोठा दालनाचा भाग. चुना लावलेल्या भिंती. थंडीतले ऊन दक्षिणेच्या भिंतीतल्या कमानींतून आडवे आत आले होते. मी आजवर पाहिलेल्या देवाच्या घरांत डोळे आपोआप एका ठिकाणी जात, मूर्तीकडे किंवा क्रुसाकडे. इथे ते कुठे थांबावेत ते कळेना, आणि मग लक्षात आले, की ते फिरत राहिले तरी बरे वाटते आहे. मिसनी कोनाड्याकडे बोट करून हळूच विचारले, त्यात काय ठेवतात?

मी विचारले. "काही नाही," करीममियाँ म्हणाले.

"काईच न्हाय!" मुमानी म्हणाली. "त्येच तर! दिशा हाय ती निस्ती. तिकडं बगायचं, बास."

मी ते मिसना सांगितले. त्या बराच वेळ त्या रिकाम्या कोनाड्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी चित्राची वही उघडली आणि पुन्हा मिटली.

मुमानीने एका खांबाला तळहात लावला, दुसऱ्याला लावला. मग खाली पाहिले.

"माझी," ती म्हणाली.

पहिल्या सफेत गेल्या वर्षीची चटई अंथरलेली होती. उन्हाने आणि पायांनी पिवळी पडलेली, पण वीण कुठे उसवलेली नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच वीण, सरळ, जशी काही कोणी ओढ्याकाठची सगळी पाती एका बाजूला विंचरून ठेवली होती.

"बया! किती लांब गं ही! कुमू, बग तरी. ही म्या केली? येवढी?" तिने लुगड्याचा काठ हातात धरला आणि त्या चटईच्या कडेकडेने ती पळत सुटली. पन्नाशी उलटलेली बाई, अनवाणी, दक्षिणेच्या भिंतीपासून उत्तरेच्या भिंतीकडे, परकर घातलेल्या पोरीसारखी. मिसनी टाळ्या वाजवल्या. मला स्वतःला तिच्या मागे पळावेसे वाटले.

आणि चटई संपली. भिंत आली नव्हती.

मुमानी थबकली. तिच्या पायापासून भिंतीपर्यंत दोन माणसे उभी राहतील एवढी उघडी फरशी होती.

"ही कोनी कापली?" ती म्हणाली.

करीममियाँनी दाढीवरून हात फिरवला.

"भाईजान, चटई कोनी कापली?"

"कापंल कोन."

ती तिथेच बसली. कोपर चटईच्या टोकाला टेकवून हात लांब केला, मधल्या बोटापाशी खूण धरली, पुन्हा कोपर टेकवला. गुडघ्यांवर सरकत सरकत ती परत दक्षिणेच्या भिंतीपर्यंत गेली. ओठ हलत होते. शेवटचा हात नेमका भिंतीला लागला. "बावीस," ती म्हणाली. "बरोबर बावीस हाय. मंग?"

मी करीममियाँच्या हातांकडे पाहत होते. ते दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घेतले होते. मिसनाही ते दिसले असावे, कारण त्या पुढे झाल्या, त्यांनी आपला हात कोपरापासून सरळ धरून दाखवला, आणि मग त्यांच्याकडे बोट केले, तुमचा?

मुमानी उठली. भावाचा हात तिने पाठीमागून ओढून काढला आणि आपला हात त्याला कोपराशी कोपर लावून धरला. तिची बोटे त्यांच्या बोटांच्या मधल्या पेरापाशीच संपली.

मग मुमानी एकदम हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आले. "तुजा हात! अगं माझे आई, ह्येनं आपल्या हातानं मोजलं आनि म्या माज्या हातानं इनलं! येवढी वर्सं!" मग हसू थांबले. "आनि तू बोलला न्हाईस?"

"अल्लाच्या घरात कोनी काय दिलं, तर ते मोजून घ्यायचं असतं व्हय?" करीममियाँ म्हणाले.

"मंग तितं, त्या फरशीवर, कोन हुबं ऱ्हातं?"

ते दाराकडे पाहू लागले. त्या उघड्या फरशीवर भिंतीजवळचा दगड बाकीच्या दगडांपेक्षा गुळगुळीत झाला होता. गुडघ्यांच्या जागी दोन आणि पुढे कपाळाच्या जागी एक, असे तीन डाग उन्हात चकाकत होते.

"कोपरा मला बरा पडतो," ते म्हणाले. "हवा येती."

मुमानीने वाकून त्या दगडावरून तळहात फिरवला. 

"म्हनून मला आत येऊ देत न्हवतास."

"बाया येत न्हाईत. ती रीतच हाय."

"रीत हाय. पन तू त्या रीतीच्या मागं लपला व्हतास, भाईजान." आणि ती पदराने तोंड पुसून वळली. "मोटारीवरची चटई कुठं ठिवली? तीबी बावीसच हाय, माज्या हाताची. आना हिकडं!"

पुढचा सगळा वेळ मला एखाद्या शर्यतीसारखा आठवतो. नवी चटई उलगडली. गेल्या वर्षीच्या चटईचा तुकडा कापून नवीला जोडायचा, असे तिने ठरवले. करीममियाँनी घरातून कोयता, दाभण आणि सुतळी आणली. "आता कोनाच्या हातानं मोजायचं?" असे म्हणून तिने त्यांना त्यांच्या पांढऱ्या दाढीसकट खाली गुडघ्यांवर बसवले आणि त्यांचा हात एखाद्या गजासारखा उचलून फरशीवर ठेवीत गेली. मिसनी नव्या चटईचे टोक धरले, मी जुन्या तुकड्याचे. मुमानी दाभण ओढू लागली. शेजारच्या घरातून भाभींनी दोनदा जेवायला हाक मारली. दोन्ही वेळा मुमानी ओरडली, "बिर्डं झाकून ठिवा!"

ऊन कमानीतून वर चढू लागले. एकेक माणूस अंगणात येऊ लागला. दालनात बायका पाहून ते हौदाशी थांबत आणि हातपाय धुवायला लागत. धुवून झाले, की पुन्हा धुवायला लागत. शेवटी बांग देणारे म्हातारे बाबा पायरीवर येऊन म्हणाले, "हुरमत, आटप पोरी. वेळ झाली."

"जरा कळ काढा की बाबा."

"मी काढतो. सुर्व्याला कोन सांगनार?"

"त्येला बी तुमीच सांगा, तुमचा आवाज मोटा हाय!"

हौदावरची माणसे हसली. करीममियाँही हसले, मी त्यांना त्या दिवशी एवढेच एकदा हसताना पाहिले. मुमानीने शेवटची गाठ दातांनी तोडली. आम्ही चौघांनी चटई धरून सरकवली. नव्याचा हिरवट रंग, शेवटी जुन्याचा पिवळा तुकडा, मध्ये सुतळीची जाड शिवण. देखणे काही नव्हते. पण तो पिवळा तुकडा त्या तीन डागांवरून गेला आणि भिंतीला टेकला. मुमानीने भिंत आणि चटई यांच्या मध्ये बोट घालून पाहिले. बोट जाईना.

"चला," ती म्हणाली. "निघा, निघा! लोकं खोळंबल्यात!" जणू आम्हीच इतका वेळ काढला होता.

आम्ही हौदाच्या कडेने बाहेर पडलो. माणसे मान खाली घालून वाट देत होती. एकाने मुमानीला सलाम केला, आणि मग सगळ्यांनीच केला. तिने जबाब दिला की नाही, ते मला ऐकू आले नाही, कारण तेवढ्यात डोक्यावर बांग सुरू झाली. या म्हणतो, मी मिसना सांगितले. मिस ओढणीची गाठ सोडायची विसरून रस्त्यातच उभ्या राहिल्या.

मुमानी रमजानभर माहेरीच राहणार होती. ईद होऊन ती परत येण्याआधीच अप्पांची बदली नगरकडे झाली आणि आम्ही बारामती सोडली. म्हणून तिचे मला झालेले शेवटचे दर्शन त्या संध्याकाळचेच.

परतीची मोटार मशिदीच्या समोरूनच सुटे. नमाज झाली होती, माणसे बाहेर पडत होती, बाजाराची वेळ. भर रस्त्यात करीममियाँ उजवा हात कोपरापासून सरळ पुढे धरून, ताठ उभे होते. मुमानी पायांच्या चवड्यांवर उंच होऊन त्यांच्या हातावर शिंदीची एक काडी धरून माप घेत होती. काडी तिने दाताने तोडली, पुन्हा लावून पाहिली, हलू नगंस म्हणून त्यांच्या मनगटावर चापट मारली. येणारे-जाणारे मुतवल्लींना सलाम करीत होते आणि त्यांना हात हलवता येत नसल्यामुळे ते सगळ्यांना नुसती मान हलवून जबाब देत होते. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मुमानीने मागे न पाहता दुसऱ्या हाताने आम्हाला थांबा म्हणून खूण केली, आणि सगळी मोटार थांबून राहिली.